शांत बसायचं पुस्तक

किर्गिझस्तानातल्या इसिक-कुल तळ्याच्या दक्षिण काठावर एक जुनं आरोग्यधाम आहे. तिथे काळ्या चिखलाच्या टाक्या आहेत, खाऱ्या पाण्याचे हौद आहेत, गुडघे शेकायची यंत्रं आहेत आणि या सगळ्याच्या शेवटी, जिन्याखालून वळलं की, कालिपाचं वाचनालय आहे. अंगाचं डॉक्टर बघतील, मनाचं कालिपा बघेल, असं तिथे येणारी माणसं म्हणत. त्यात थोडी थट्टा असे आणि थोडं खरं.

वाचनालयात भिंतभर कादंबऱ्यांची कपाटं होती. त्यांना कोणी हात लावत नसे. दाराजवळच्या एका फळीला मात्र कधी स्वस्थता नव्हती. ती आरोग्याची फळी. तिथल्या पुस्तकांची खरी नावं कुणाच्या लक्षात राहत नसत. "श्वासाचं आहे का?" असं विचारत लोक येत. "पोटाचं माझ्या मेहुण्याला दे, त्याचं पोट म्हणजे चुलीवरचं भांडं झालंय." "झोपेचं परत आणलंय गं. नवऱ्याला दिलं होतं, दुसऱ्याच पानावर घोरायला लागला. म्हणजे पुस्तक खरं आहे!"

कालिपा लगेच पुस्तक देत नसे. आधी चहा ओतायची, माणसाला बोलतं करायची, मग उठून फळीपाशी जायची. सारखं धावणाऱ्याला बसायचं पुस्तक आणि बसून राहिलेल्याला चालायचं, असा तिचा ढोबळ हिशेब होता. फळीवरचं प्रत्येक पुस्तक तिनं स्वतः वाचलं होतं. पन्नाशी उलटलेली, एकटी राहणारी बाई. कुणी विचारलंच, तू गं कशाला वाचतेस ही, तुला काय झालंय, तर म्हणायची, "स्वयंपाकिणीनं चाखून बघू नये का?"

असिलकान मात्र पुस्तकासाठी आली नव्हती. ती आली खिडकीसाठी. डोंगराच्या आडोशाला असल्यामुळे साऱ्या आरोग्यधामात फोन कुठेच लागत नसे. लागे तो फक्त वाचनालयाच्या पश्चिमेच्या खिडकीत. दर गुरुवारी दुपारी असिलकान पांढरा रुमाल डोक्याला घट्ट बांधून यायची, खिडकीच्या कट्ट्यावर बसायची आणि अंडं धरावं तसा फोन दोन्ही हातांत धरून वाट बघायची. तिचा मधला मुलगा एर्निस मॉस्कोजवळ इमारतींच्या कामावर होता. गुरुवारी त्याची अर्धी सुट्टी.

फोन वाजला की साऱ्या वाचनालयाला कळायचं. "जेवलास का? काय जेवलास? नुसता पाव? मग जेवलो कशाला म्हणतोस? कोट घेतलास का थंडीचा? खरं सांग. आतून लोकर आहे का? हात घालून बघ आणि सांग."

पलीकडून हसण्याचा आवाज यायचा. आईला तो आपा म्हणायचा. "आहे, आपा, लोकर आहे. मेंढी घातल्यासारखं वाटतं."

फोन ठेवल्यावर ती कालिपाकडे बघून म्हणायची, "चार मुलांत हा एकच लबाड. बाकीच्यांना खोटं बोलता येत नाही, याला खरं."

असिलकान म्हणजे कोचकोरकडच्या गावातली बाई. उभा जन्म मेंढ्यांमागे डोंगरावर गेला. उन्हाळ्यात काळजाचा झटका येऊन गेला, म्हणून मुलीनं, बुरुलनं, हट्टानं इथे आणून ठेवलं होतं. एक दिवस फोनची वाट बघता बघता म्हणाली, "एवढी बसतेच आहे तर दे काहीतरी वाचायला. पण जाडं नको हं. डॉक्टरनं जड उचलायला मना केलंय."

कालिपानं तिला निळ्या पुठ्ठ्याचं एक पातळ पुस्तक दिलं. लोक त्याला शांत बसायचं पुस्तक म्हणत. त्यात सांगितलं होतं की डोळे मिटून बसावं, श्वास येतो-जातो तो बघावा. मनात विचार आला तर त्याला हाकलू नये आणि पाहुण्यासारखा बसवूनही घेऊ नये. वाटसरू अंगणातून जातो, तसा जाऊ द्यावा.

असिलकान ओळीखाली बोट फिरवत, ओठ हलवत वाचायची. दुसऱ्या दिवशी आली ती तक्रार घेऊनच. "कालिपा, हा लिहिणारा म्हणतो, एक जर्दाळू तोंडात ठेव, गिळू नकोस, नुसती चव बघत बस. याला नातवंडं नसणार. आमच्या घरात एक जर्दाळू घोळवत बसलं तर तेवढ्यात ताट रिकामं होतं."

"करून तर बघा, एजे. इथे कुठं आहेत नातवंडं?" कालिपा तिला मानानं एजे म्हणायची.

"तेच तर दुःख आहे ना." पण खिशातून एक सुकलेला जर्दाळू काढून तिनं तोंडात टाकला आणि बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "गोड आहे. एवढ्या वर्षांत कधी कळलं नव्हतं."

त्यानंतर तिला त्याचा नादच लागला. चिखलाच्या टाक्यांबाहेर रांगेत बसलेल्या बायकांनाही ती डोळे मिटायला लावायची. चिखलखोलीतली झूराकान ही सत्तरीची खमकी बाई. ती ओरडायची, "अगं, आत या ना! श्वास काय घरी जाऊन बघा, चिखल गार होतोय!"

सप्टेंबरच्या शेवटी एका गुरुवारी फोन आला नाही. असिलकान अंधार पडेपर्यंत खिडकीत बसली. "काम वाढलं असेल," ती म्हणाली. "हिवाळ्याआधी छप्पर घालायची घाई असते त्यांची."

शनिवारी इस्मानाली आला. असिलकानचा धाकटा दीर. नवरा गेल्यापासून घरातला कर्ता तोच. तो वहिनीच्या खोलीकडे गेला नाही. आधी डॉक्टरकडे गेला आणि तिथून थेट वाचनालयात. दार लावून घेतलं, उंच पांढरी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ तिची कड बोटांनी सारखी करत बसला.

"एर्निस गेला," तो म्हणाला. "परांचीवरून पडला. जागच्या जागी."

कालिपानं हातातली किटली खाली ठेवली.

"वहिनीला सांगायचं नाही. त्यासाठीच तुझ्याकडे आलोय. खिडकी तुझ्याकडे आहे. बुरुल तिला फोन करून सांगेल, की भावाला लांबच्या कामावर पाठवलंय, तिथे फोन लागत नाही. तूही तेच म्हण."

"कधीपर्यंत, आके?" थोरल्या भावाला हाक मारावी तसं तिनं विचारलं.

"मयत विमानानं यायला आठवडा लागेल. आम्ही माती देऊ. चाळीसावा दिवस होऊ दे. तोवर तिचं काळीज जरा धरेल. मग घरी नेऊ आणि चार मोठी माणसं बसून रीतसर कानावर घालू."

"म्हणजे आईच्या कोशोकाशिवाय?"

इस्मानालीनं टोपी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. घरात माणूस गेलं की अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू उभा राहतो, बायका त्यात भिंतीकडे तोंड करून बसतात आणि मेलेल्याचे गुण गात रडतात. तो कोशोक. नवऱ्याचा बायको गाते, मुलाचा आई. एर्निसचं लग्न झालं नव्हतं. त्याला गाणारी आईच होती.

"बुरुल गाईल," तो शेवटी म्हणाला. "तिचा आवाज चांगला आहे."

"बहिणीचा कोशोक बहिणीचा असतो, आके."

"पोरी," तो म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. "त्याला मी खांद्यावर बसवून घोडा शिकवलाय. मला नको सांगू कोणाचा कोशोक कोणाचा. डॉक्टर म्हणतो, तिचं काळीज ओल्या कागदासारखं झालंय. एक गेला. दुसरी मी जाऊ देणार नाही. गाण्यासाठी तर नाहीच नाही." मग त्यानं दाराजवळच्या फळीकडे पाहिलं. "तुझ्याकडे म्हणे काळीज घट्ट करायची पुस्तकं असतात. ती दे तिला. कळेल तेव्हा उभी राहील अशी कर."

कालिपानं मान डोलावली. तो वयानं मोठा होता, घरचा कर्ता होता, डॉक्टरही त्याच्या बाजूनं होता. शिवाय, खोटं कशाला बोला, एवढा मोठा भार कुणी आपल्या पुस्तकांवर टाकला याचं आत कुठेतरी तिला बरंही वाटलं.

पण तो गेल्यावर तिला बसवेना. कारण हे असं तिच्या बाबतीत एकदा होऊन गेलं होतं. ती राजधानीत, फ्रुन्झेला, कॉलेजात होती तेव्हाची गोष्ट. परीक्षा तोंडावर आल्या आणि गावी आई गेली. पोरीचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून घरच्यांनी कळवलं नाही. ती उन्हाळ्यात मिठाईचा डबा घेऊन घरी आली तेव्हा तंबू उतरवलेला होता, चाळीसावा होऊन गेला होता आणि सगळ्यांचं रडून झालं होतं. काका तिला फाटकातच भेटले. त्यांनी रीतीप्रमाणे आडवळणानं सांगितलं. मग तिला चहा दिला आणि कुणीतरी विचारलं, "पास झालीस ना?" ती रडायला बसली, पण एकटीच. दुसऱ्याच्या जखमेवर खपली धरलेली असताना आपली उघडी कशी करायची? थोडं रडून ती उठली आणि भांडी घासायला गेली. तेव्हापासून घशाखाली काहीतरी अडकून राहिलं. त्याच्यावर उपाय शोधत शोधत ती पहिल्यांदा या पुस्तकांकडे आली होती. श्वासाचं वाचलं, झोपेचं वाचलं, मन हलकं करायचं वाचलं. बरं वाटायचं. सुटलं मात्र कधीच नाही.

तरीही तिनं असिलकानला पुस्तकं दिली. मन खंबीर करायचं दिलं, रात्री झोपताना आठवायच्या चांगल्या गोष्टींचं दिलं. आणि असिलकान वाचत गेली. सकाळी ती तळ्याच्या काठावर बसलेली दिसायची, हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. तोंडावर रंग आला. डॉक्टर नाडी बघून म्हणाला, "व्वा! हे कोणत्या औषधानं?"

"कालिपाच्या," ती म्हणाली.

बुरुलचा फोन आला. भाऊ लांबच्या कामावर गेलाय, असं तिनं सांगितलं. असिलकान खिडकीतून म्हणाली, "रडतेयस का गं? सर्दी? मग दुधात लोणी घालून पी." कालिपा कपाटाआड पुस्तकं लावत होती. लावलेलीच पुस्तकं काढून ती पुन्हा लावत राहिली.

दुसरा गुरुवार आला. असिलकान येऊन खिडकीत बसली. फोन येणार नाही हे ठाऊक असूनही आली. थोड्या वेळानं म्हणाली, "कालिपा, एक सांगू? गेल्या गुरुवारी मी इथे बसले होते ना, तेव्हा एकदम काळजात काहीतरी तुटलं. झटका आला तेव्हाचं नव्हे, वेगळंच. मेंढी दरीत पडली की न बघताच कळतं ना, तसं. एर्निसला काहीतरी झालं असं वाटलं. आज सकाळीही तसंच वाटलं."

कालिपानं हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"पूर्वीची मी असते तर इथेच किंचाळले असते. सगळ्यांना फोन करून भंडावून सोडलं असतं. पण मी पुस्तकातलं आठवलं. बसले. श्वास बघितला. म्हटलं, हा वाटसरू आहे, अंगणातून चाललाय, जाऊ दे." ती हसली. "आणि गेला गं! खरंच गेला. तू मला बरं केलंस, पोरी. खुदा तुझं भलं करो."

ती गेल्यावर कालिपा खुर्चीत बसून राहिली. आईच्या काळजाला जे न सांगता कळलं होतं, ते आपण शिकवून शिकवून अंगणाबाहेर घालवलं. हे तिला आता लख्ख दिसलं. त्या बाईला कुणी काही सांगितलं नसतं तरी कळलं असतं. कळलंच होतं.

तेवढ्यात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेल्या तिच्या फोनवर इस्मानालीचा फोन आला. "उद्या सकाळी विमान येतंय. दुपारच्या नमाजानंतर माती. तिला जप."

कालिपा तशीच डॉक्टरकडे आणि तिथून चिखलखोलीत गेली. झूराकान टाक्या धूत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि झाडू भिंतीला टेकवून ठेवला.

"हे काम घरच्यांचं. परक्यानं मरण कानावर घालू नये."

"घरचे घालणार नाहीत."

"डॉक्टर?"

"तो म्हणतो, जबाबदारी माझी नाही."

"आणि ती मेली तर जबाबदारी तुझी? तुला येतं तरी का, कसं सांगायचं ते? पुस्तकात असतं का ते?"

"नाही," कालिपा म्हणाली. "म्हणूनच तुमच्याकडे आलेय. आत्ता चला माझ्याबरोबर."

झूराकाननं खिडकीबाहेर पाहिलं. सूर्य मावळला होता. "आत्ता नाही. दिवेलागणीनंतर मरण कानावर घालू नये. झोपलेल्या माणसाच्या उशाशी ते बसतं. तिला झोपू दे, सकाळी चहा पिऊ दे. मग येते मी. काळजाच्या थेंबांची बाटली घेऊन येते."

कालिपानं ऐकलं. मोठ्या माणसाचं ऐकायचं, हे तिच्या हाडात होतं. त्याच रात्री निघाल्या असत्या तर, हे तिला पुढे बरीच वर्षं वाटत राहिलं.

सकाळी न्याहारीनंतर झूराकान असिलकानला घेऊन वाचनालयात आली. कालिपानं दार लावलं. टेबलावर एकही पुस्तक नव्हतं. तिघी बसल्या. झूराकान असिलकानच्या अगदी जवळ, खांद्याला खांदा लावून.

"काय गं," असिलकान म्हणाली, "आज माझ्याकडे अशा काय बघताय? सोयरीक घेऊन आलात की काय? मी म्हातारी झाले, आता नवरा नको."

कुणी हसलं नाही. कालिपानं तोंड उघडलं. रात्रभर जुळवलेले शब्द आठवेनात. मग आपोआप निघाले ते असे:

"एजे, संध्याकाळी कळप पाण्यावर आला. सगळी शिंगरं आली. एक आलं नाही. घोडीनं काय करावं?"

असिलकानचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यातून कुणीतरी निघून गेल्यासारखं झालं. असं कोड्यात बोलायचं कारण त्या मुलखात एकच असतं. ते शेंबड्या पोरालाही कळतं.

"घोडी पाणी पिणार नाही," ती हळू म्हणाली. मग विचारलं, "कोणतं?"

कालिपाला नाव घेववेना. "गुरुवारी फोन करायचं ते."

झूराकाननं तिचा दंड घट्ट धरला. असिलकान रडली नाही. कोलमडली नाही. तिचा श्वास आत गेला, बाहेर आला. सावकाश. पुन्हा आत गेला.

"माती कधी?"

"आज. दुपारनंतर."

"मग बसलीस काय?" ती उठली.

पण आरोग्यधामाची गाडी भाजी आणायला बाजारात गेली होती. ती येईपर्यंत असिलकान फाटकाबाहेर आपल्या बोचक्यावर बसून राहिली. झूराकाननं थेंब दिले, ते घेतले. रस्त्यावरून एकही वाहन जात नव्हतं. ती तळ्याकडे बघत होती आणि तळ्यावर बारीक लाटा होत्या. गाडी आली तेव्हा ऊन डोक्यावर चढलं होतं. ड्रायव्हरनं कोबीची पोती तिथेच फाटकात उतरवली आणि काही न विचारता गाडी वळवली.

वाटेत असिलकान एकदाच बोलली. "तुला कधी कळलं?"

"शनिवारी, एजे."

तिनं मान हलवली, बाजारात कुणी भाव सांगितल्यावर हलवावी तशी, आणि बाहेर बघू लागली. शेतांत बटाटे काढून झाले होते. पॉपलरची पानं पिवळी पडून रस्त्यावर आली होती.

गावाअलीकडच्या वळणावर डाव्या हाताला कब्रस्तानाची टेकडी दिसते. गाडी वळणावर आली तेव्हा टेकडीवर काळ्या कपड्यांतल्या माणसांचा घोळका होता. फावडी वर-खाली होत होती.

"थांबव," असिलकान म्हणाली.

ती उतरली. रस्त्याच्या कडेला उभी राहिली. बायका कब्रस्तानात जात नाहीत. ती एक पाऊलही पुढे गेली नाही. वारा तिकडे वाहत होता, त्यामुळे मातीचा आवाज ऐकू येत नव्हता, माती नुसती दिसत होती. कालिपा तिच्या मागे उभी राहिली. टेकडीवरची माणसं एकाच वेळी खाली बसली, हात उचलले, तोंडावरून फिरवले. असिलकाननंही हात उचलले.

"चल घरी," ती म्हणाली.

अंगणात तंबू होता. दारात मागे राहिलेले पुरुष रीतीप्रमाणे काठ्यांवर वाकून रडत होते. असिलकानला बघून त्यांचे आवाज एकदम थांबले आणि मग दुपटीनं उठले. बुरुल धावत आली, आईच्या गळ्यात पडली आणि आईच्या खांद्यावरून तिनं कालिपाकडे अशा नजरेनं पाहिलं, की कालिपानं मान खाली घातली.

बायकांनी असिलकानला आत नेलं, उजव्या बाजूला भिंतीकडे तोंड करून बसवलं. कालिपा तिच्या पाठीशी बसली, कारण असिलकाननं तिचा हात सोडला नव्हता. साऱ्या बायका थांबल्या. आता आई गाणार.

असिलकाननं तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिनं पुन्हा श्वास घेतला. तो आत गेला, सावकाश बाहेर आला. डोळे मिटलेले, हात गुडघ्यांवर. कालिपाला तो श्वास ओळखू आला.

मागे बायका कुजबुजल्या. "दगड झाली." "बघ, एक टिपूस नाही."

कालिपा तिच्या कानाशी वाकली. "एजे, ते पुस्तकातलं सोडा. ओरडा."

"येत नाही गं," असिलकान पुटपुटली. "वर येतं आणि निघून जातं. तू चांगलं शिकवलंस."

बुरुल पुन्हा गाऊ लागली. तिचा आवाज खरंच चांगला होता. असिलकान भिंतीकडे बघत बसली. भिंतीवर रीतीप्रमाणे मेलेल्याचे कपडे टांगले होते. शवपेटीबरोबर मॉस्कोहून आले होते ते. एक पँट, एक टोपी, एक निळं जाकीट. असिलकाननं हात वर करून जाकिटाची बाही धरली. मग आत हात घातला. अस्तर चाचपलं. पुन्हा चाचपलं. आत लोकर नव्हती. जुनं, उन्हाळ्यात घालायचं पातळ जाकीट होतं ते.

"हे काय?" ती मोठ्यानं म्हणाली. बुरुलचं गाणं थांबलं. "हेच घालत होता का? अरे लबाडा!"

आणि मग आवाज आला. गाणं नव्हतंच ते आधी, ते भांडण होतं. घरी उशिरा आलेल्या मुलाला दारात धरून झापावं तसं.

"थंडीत होतास तरी उबेत आहे म्हणालास,
उपाशी होतास तरी जेवलो म्हणालास.
कुणी शिकवलं रे तुला, आईची समजूत घालायला?
मेलास तेव्हाही लांब कामावर गेलो म्हणवलंस!"

पुढच्या ओळी आपोआप चालीत आल्या. तिनं जाकीट ओढून काढलं आणि त्यात तोंड खुपसलं, आणि गात राहिली. साऱ्या बायका तिच्यामागे रडू लागल्या. कुणीतरी कालिपाला खांद्याला धरून मागे सरकवलं. तिथे आता तिची जागा नव्हती. ती बाहेर आली. चुलीपाशी बायका कांदे चिरत होत्या. तिनं एक सुरी उचलली. कुणी ये म्हटलं नाही, पण कुणी हातातून सुरीही काढून घेतली नाही. ती चिरत बसली.

टेकडीवरून माणसं परतली. इस्मानाली सगळ्यांत पुढे होता. फाटकातच त्यानं तो आवाज ऐकला आणि थबकला. बुरुल तंबूतून पळत बाहेर आली. "काका, थांबवा तिला. ओठ निळे पडलेत. ऐकत नाहीये."

इस्मानालीनं तंबूकडे पाहिलं. "पाणी द्या," तो म्हणाला. "थेंब द्या. थांबवू नका."

मग तो चुलीपाशी आला. त्याच्या बुटांना ओली माती होती.

"मी नको म्हटलं होतं."

"हो, आके."

"तिचं काही बरंवाईट झालं तर ते तुझ्या डोक्यावर."

"माझ्याच."

त्यानं बाहीनं डोळे पुसले. "काल रात्री आणली असतीस तर पेटीला हात तरी लावला असता तिनं."

कालिपानं पुढचा कांदा घेतला.

"सातव्याला येऊ नकोस," तो म्हणाला. "चाळीसाव्यालाही नको. माझ्याच्यानं तुझ्याकडे बघवणार नाही." मग त्यानं भिंतीला टेकवलेली काठी घेतली, तंबूच्या दाराशी जाऊन तिच्यावर वाकला आणि वहिनीच्या आवाजात आवाज मिळवून मोठ्यानं रडू लागला.

कालिपानं उरलेले कांदे चिरले, हात धुतले आणि रस्त्यावर आली. ड्रायव्हर गाडीत वाट बघत होता. तिनं काच खाली केली आणि खालीच ठेवली. गाव मागे पडलं, तरी असिलकानचा आवाज येत होता. एकदा मध्येच तुटला. ड्रायव्हरनं ब्रेकवर पाय ठेवला. दोघंही एकमेकांकडे न बघता थांबले. कुठेतरी कुत्रं भुंकलं. मग आवाज पुन्हा उठला, आधीपेक्षा बसलेला, घोगरा, पण तिचाच, आणि ड्रायव्हरनं गाडी पुढे घेतली.